साठ मोटरहोमचा मेळावा कसा भरवावा

मोटरहोम म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोटरगाडी. इंग्लंडमधल्या मोटरहोम क्लबांचे सभासद वर्षातून अनेकदा एखाद्या शेतात, शो-ग्राउंडवर किंवा रग्बी क्लबच्या मैदानावर तीन-चार दिवस एकत्र मुक्काम करतात. या मुक्कामी मेळाव्याला इकडे रॅली म्हणतात आणि तो पार पाडण्याची जबाबदारी ज्या सभासदावर असते त्याला रॅली मार्शल म्हणतात. दहा-बारा गाड्यांची रॅली एखादे उत्साही जोडपे सहज निभावून नेते. गाड्यांची संख्या पन्नास-साठच्या घरात गेली की मात्र कामाचे स्वरूपच बदलते. सव्वाशे माणसांना प्यायचे पाणी पुरवायचे असते, त्यांचे सांडपाणी आणि मैला रोजच्या रोज मार्गी लावायचा असतो, साडेतीन टनांची वाहने गवतावरून आत घ्यायची आणि तशीच बाहेर काढायची असतात, आणि हे सारे अशा जागी करायचे असते की जिथे एरवी फक्त मेंढ्या चरतात. क्लबांचा कारभार सभासदच चालवत असल्यामुळे इथल्या मराठी कुटुंबांवरही आज ना उद्या मार्शलपदाची पाळी येते. ती आल्यावर कामाला कुठून हात घालावा, हे सविस्तर सांगण्यासाठी हा लेख आहे.

समितीच्या पहिल्या बैठकीत बहुधा गाण्यांचा कार्यक्रम, सामुदायिक जेवण आणि सोडत यांवरच बोलणे होते. माझे मत याबाबत ठाम आहे. जमीन, फाटक, पाणी आणि मैला ही चार कामे आधी चोख झाली पाहिजेत. ती चोख असली की माणसे खुर्च्या टाकून बसतात, गप्पा रंगतात आणि मेळावा आपोआप उभा राहतो. ती फसली तर कितीही चांगला गायक आणला तरी पाण्याच्या रांगेत पाऊण तास उभ्या राहिलेल्या माणसाचा वैताग जात नाही. म्हणून या लेखात कार्यक्रमांना थोडीच जागा दिली आहे.

कायदा आधी समजून घ्यावा

ज्या जमिनीवर कॅरव्हॅन उभ्या करून माणसे राहणार असतील तिच्यासाठी स्थानिक कौन्सिलचा साइट परवाना लागतो, असे १९६० चा कॅरव्हॅन साइट्स अँड कंट्रोल ऑफ डेव्हलपमेंट अ‍ॅक्ट सांगतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येनुसार राहण्यासाठी बांधलेली किंवा बदललेली मोटरगाडी हीसुद्धा कॅरव्हॅनच ठरते. मग शेतकऱ्याच्या रानात रॅली कशी भरते? त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात सूट मिळालेल्या संस्थांची तरतूद आहे. ही सूट असल्याचे प्रमाणपत्र मिळालेला क्लब केवळ आपल्या सभासदांसाठी, आपल्या देखरेखीखाली, जास्तीत जास्त ५ दिवसांचा मेळावा साइट परवान्याशिवाय भरवू शकतो. इंग्लंडमध्ये हे प्रमाणपत्र नॅचरल इंग्लंड ही संस्था देते. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ते काम तिथली सरकारे करतात.

यावरून मार्शलने दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. आपल्या क्लबाकडे प्रमाणपत्र आहे की नाही, हे सचिवाकडून लेखी विचारून घ्यावे. नसेल तर शेताचा विचार सोडून आधीच परवाना असलेली साइट किंवा शो-ग्राउंड घ्यावे. दुसरे असे की, ही सूट सभासदांपुरतीच असल्यामुळे ओळखीच्या कोणालाही ‘या एक रात्र राहायला’ असे आमंत्रण देता येत नाही. परवाना लागत नसला तरी कौन्सिलला आणि शेताला लागून असलेल्या घरांना महिनाभर आधी पत्राने कळवावे, आणि त्या पत्रात तारखा, गाड्यांची अंदाजे संख्या आणि मार्शलचा फोन नंबर द्यावा. ज्याला आधी सांगितले आहे तो शेजारी रात्री आवाज आला तर पोलिसांआधी आपल्याला फोन करतो.

मोठ्या मेळाव्यासाठी मे महिन्याचा शेवटचा सोमवार किंवा ऑगस्टचा शेवटचा सोमवार जोडून येणारी सुट्टी सोयीची पडते. मेअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामावरून सुटून शुक्रवारी संध्याकाळी निघालेले सभासदही उजेडात येऊन गाडी लावू शकतात. या तारखांवर सगळ्यांचाच डोळा असल्याने जागा वर्षभर आधी धरावी लागते.

जमीन आणि फाटक

पैशाची तयारी असेल तर माल्व्हर्न, न्यूअर्क किंवा शेप्टन मॅलेट यांसारखी शो-ग्राउंड सर्वांत निर्धोक, कारण तिथे पक्के अंतर्गत रस्ते, पाण्याचे नळ आणि मैला रिकामा करण्याची सोय आधीपासूनच असते. बहुतेक क्लबांना मात्र शेतच परवडते, आणि शेताची गंमतही वेगळी असते, हे मीही मान्य करतो. शेत बघायला जायचे ते पावसानंतर. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी प्रत्येक शेत चांगलेच दिसते. विल्टशायरकडच्या चॉकच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या, टेकड्यांवर पाणी झपाट्याने मुरते; चिकणमातीचे शेत मात्र आपल्याकडच्या काळ्या मातीसारखे पाणी धरून ठेवते, आणि वरून हिरवेगार दिसणारे गवत चाकाखाली लोण्यासारखे सरकते. टाच रोवून दाबल्यावर पाणी वर आले तर त्या शेतात साठ गाड्या घालू नयेत. शेतकऱ्याला एक साधा प्रश्न विचारावा: गेल्या काही वर्षांत इथे ट्रॅक्टर कधी रुतला होता का, आणि कुठे? तो कुठे थबकून उत्तर देतो त्यावरूनही बरेच कळते.

इथल्या मोटरहोम बहुतांशी फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि त्यांना ताकद पुढच्या चाकांना मिळते. पाण्याची टाकी, सामान, सायकली असे वजन बरेचदा मागे असते. ओल्या गवतावर चढाकडे तोंड करून निघायचे झाले तर पुढची चाके हलकी पडतात आणि जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून उताराच्या शेतात रांगा आखताना बाहेर पडण्याची वाट उताराच्या दिशेने ठेवावी. चाक फिरल्याचे जाणवताच अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यावा, दुसऱ्या गिअरमध्ये अलगद प्रयत्न करावा, नाहीतर आल्या चाकोरीने मागे यावे. जोर लावत राहिले की चाक आपलाच खड्डा खणते. ओढून काढण्यासाठी बंपरला बसवायची ओढकडी प्रत्येकाने गाडीत हाताशी ठेवावी, हे निमंत्रणपत्रातच लिहावे. ट्रॅक्टरने ओढताना नुकसान झाले तर ते कोणाच्या जबाबदारीवर, हेही शेतकऱ्याशी आधीच ठरवावे, कारण चिखलात उभे राहून ती चर्चा करणे कोणालाच जमत नाही.

फाटकाची रुंदी टेपने मोजावी. अग्निशमन गाडीला फाटक किमान ३.१ मीटर आणि आतला रस्ता ३.७ मीटर रुंद लागतो, आणि आपल्या नियोजनालाही तेच माप धरावे. बारा फुटी शेतफाटक मोटरहोमला पुरते, परंतु ते अरुंद गल्लीत काटकोनात उघडत असेल तर आठ मीटर लांबीची गाडी एका दमात वळत नाही. क्लबातली सर्वांत लांब मोटरहोम ज्यांची आहे त्यांनाच पाहणीला सोबत न्यावे आणि प्रत्यक्ष आत-बाहेर करून बघावे. याच फेरीत वाटेवरचे कमी उंचीचे पूल, खाली झुकलेल्या फांद्या आणि शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा टिपून ठेवाव्यात. मोटरहोमची उंची तीन मीटरच्या आसपास असते. तारांखाली कोणतीही गाडी, झेंड्याचा खांब किंवा अँटेना नको.

मेळाव्यापूर्वी किमान तीन आठवडे शेतातली जनावरे दुसरीकडे हलवण्यास शेतकऱ्याला सांगावे, कारण त्यांच्या शेणातून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची लागण, विशेषतः गवतावर खेळणाऱ्या लहान मुलांना, होऊ शकते. गवत आठवडाभर आधी कापून कापलेला थर उचलून न्यावा. वाळलेले गवत तापलेल्या एक्झॉस्टखाली पेट घेऊ शकते.

रांगांची आखणी

दोन गाड्यांच्या भिंतींमध्ये ६ मीटर अंतर ठेवायचे, आणि त्या अंतरात ऑनिंग (गाडीच्या भिंतीतून बाहेर ओढायचे कापडी छत), तंबू किंवा मोटारी आल्या तरी किमान ३ मीटर जागा पूर्ण मोकळी राहिली पाहिजे, हा सूट मिळालेल्या क्लबांचा सर्वमान्य नियम आहे. त्यामागे आगीचे कारण आहे: एक गाडी पेटली तर शेजारची वाचावी. आता गाडीच्या दाराचा विचार करू. ऑनिंग नेहमी दाराच्या बाजूला उघडते आणि साधारण अडीच मीटर बाहेर येते. सहामधून अडीच गेले तर साडेतीन मीटर उरतात, म्हणजे नियम पाळला गेला. परंतु ब्रिटनमध्ये बांधलेल्या मोटरहोमचे दार सहसा डाव्या बाजूला असते, तर युरोप खंडात बांधलेल्या अनेक गाड्यांचे दार उजवीकडे असते. अशा दोन गाड्या शेजारी आल्या आणि दोन्ही ऑनिंग एकाच फटीत उघडल्या, तर मध्ये जेमतेम एक मीटर उरतो. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर दार कोणत्या बाजूला आहे हे विचारावेच, आणि उजव्या दाराच्या गाड्यांना स्वतंत्र रांग द्यावी किंवा त्यांना उलट्या तोंडाने उभे करावे. हा एक प्रश्न आधी विचारला की आगमनाच्या दिवशीची निम्मी हुज्जत वाचते.

गाडीची रुंदी सुमारे २.३ मीटर आणि मधले ६ मीटर धरले तर प्रत्येक जागा साधारण साडेआठ मीटर रुंद होते. लांबीसाठी आठ मीटर आणि समोरच्या वाटेसाठी सहा मीटर धरावे. साठ गाड्यांना अशाने दोन एकरांच्या आसपास जागा लागते. पाणी, मैला, मांडव, मुलांचे खेळ आणि रुतली तर मागे सरकायला ठेवलेली राखीव कोरडी पट्टी मिळून चार एकरांचे शेत पाहावे. आदल्या दिवशी दोरी आणि टेपने मापून प्रत्येक जागेच्या एकाच कोपऱ्यावर, समजा मागच्या डाव्या, रंगीत खुंटी ठोकावी आणि तिच्यावर क्रमांक लिहावा. सगळ्यांना सूचना एकच: डावे मागचे चाक खुंटीजवळ. चार खुंट्या ठोकल्या तर कोणती आपली यावरून गोंधळ होतो.

पाणी आणि मैला

पाण्याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय जागा नक्की करू नये. समजा एका मोटरहोमला दिवसाला ४० लिटर पाणी लागते. साठ गाड्यांचे २,४०० लिटर झाले. शेतातला नळ मिनिटाला १० लिटर देत असेल तर तो रोज चार तास अखंड वाहिला पाहिजे. दिवसभरात चार तास म्हणजे फार नाही असे वाटते, पण माणसे पाणी भरायला सकाळी नऊ ते अकरा याच वेळात येतात. त्यामुळे किमान तीन तोंडे हवीत. नळाचा प्रवाह बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः मोजावा. मोठा दिसणारा पाइपसुद्धा दाब नसेल तर उपयोगाचा नसतो. सगळ्यांनी टाकी पूर्ण भरून यावे, असे निमंत्रणात लिहिले तर पहिल्या दिवसाचा ताण टळतो, मात्र भरलेल्या टाकीचे शंभर लिटर म्हणजे शंभर किलो असतात, हे वजनाच्या मर्यादेजवळ असलेल्या गाड्यांनी लक्षात ठेवावे.

नळ पक्क्या वाटेला लागून असावेत. पाण्यासाठी गाड्या गवतावरून ये-जा करू लागल्या की दुसऱ्या दिवशी शेतात चिखलाचे पट्टे दिसतात. प्यायच्या पाण्यासाठी खाद्यपदार्थांना चालणारा पाइप वापरावा, त्याचे टोक जमिनीवर पडू न देता हुकावर अडकवावे, आणि नळाला पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसलेला आहे याची खातरजमा करावी.

मोटरहोमच्या शौचालयाखाली एक काढता येणारी पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. तिच्यात साधारण १८ लिटर मावते आणि दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. चार दिवसांत प्रत्येक गाडी ती दोनदा रिकामी करील असे धरले तर दोन हजार लिटरहून अधिक मैला जमतो. तो ओढ्यात, चरात किंवा कुंपणापलीकडे जाता कामा नये, हे सांगायला नको. पण शेतकऱ्याच्या घराच्या सेप्टिक टँकमध्येही तो त्याच्या संमतीशिवाय ओतू नये. कॅसेटमध्ये घालतात त्या निळ्या रसायनांपैकी काहींत फॉर्मल्डिहाइडसारखे जंतुनाशक असते आणि ते टँकमधल्या उपयुक्त जिवाणूंना मारते. अशा ठिकाणी सभासदांना फक्त हिरवे, जैविक द्रव वापरायला सांगावे. सर्वांत बरे म्हणजे परवानाधारक कंपनीकडून बंद टाकी भाड्याने घ्यावी आणि मेळावा संपल्यावर टँकरने ती उपसून न्यावी. टाकीजवळ कॅसेट विसळण्यासाठी स्वतंत्र नळ असावा, त्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी ठळक पाटी असावी, साबण आणि हात धुण्याची सोय तिथेच असावी, आणि प्यायच्या नळाचा पाइप तिथपर्यंत पोहोचणारच नाही इतके दोन्हींत अंतर असावे. या कोपऱ्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एका स्वयंसेवकाची नेमणूक करावी. हे काम कोणी मागून घेत नाही, म्हणून मार्शलने पहिली पाळी स्वतः करावी. मग दुसऱ्यांना सांगणे सोपे जाते.

भांडी आणि अंघोळीचे सांडपाणी गाडीखाली सोडून देण्याची सवय काहींना असते. ते कुठे रिकामे करायचे याची जागा शेतकऱ्याला विचारून ठरवावी आणि तिथेच न्यावे.

नोंदणी आणि पैसा

नोंदणीच्या फॉर्ममध्ये गाडीचा क्रमांक, लांबी, वजन, दाराची बाजू, येण्याची अंदाजे वेळ, सोबतची माणसे आणि कुत्री, अन्नाची अ‍ॅलर्जी, आणि तातडीच्या वेळी कळवायचा फोन नंबर एवढे विचारावे. रात्री श्वासासाठी सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी तसे सांगावे, म्हणजे त्यांच्या बॅटरीची सोय आधी बघता येते. ही माहिती खासगी आहे. साठ कुटुंबांची नावे आणि पत्ते, आणि ती चार दिवस घराबाहेर आहेत ही बातमी, असा कागद सभासदांच्या समूहात फिरू देऊ नये. मेळाव्यानंतर हिशेबापुरते ठेवून बाकी सारे नष्ट करावे.

वर्गणी ठरवताना सगळे येतील असे धरू नये. समजा जागेचे भाडे, टाकी, मांडव, कचरा आणि विमा मिळून २,४०० पाउंड खर्च आहे. साठ गाड्या आल्या तर प्रत्येकी ४० पाउंड पडतात. पंचेचाळीसच आल्या तर ५३ पाउंडांहून अधिक. वर्गणी पंचेचाळिसांच्या हिशेबाने ठरवावी आणि शिल्लक राहिली तर परत करावी किंवा पुढच्या मेळाव्यात वळती करावी. पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख नोंदणीच्या वेळीच लिहून द्यावी. सार्वजनिक दायित्वाचा विमा क्लबाचा आहे का, आणि तो या जागेला, या संख्येला आणि भाड्याच्या मांडवाला लागू होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

आगमनाचा दिवस

मेळाव्याचा सर्वांत कठीण काळ म्हणजे पहिल्या दिवशीचे दुपारी दोन ते पाच. दर तासाला दहा गाड्या आल्या तर एका गाडीला सहा मिनिटे मिळतात आणि सगळे सुरळीत चालते. प्रत्यक्षात दोन ते तीनमध्ये पंचवीस गाड्या येतात. प्रत्येकी आठ मीटर आणि मधली फट धरली तर ही रांग सव्वादोनशे मीटरच्या पुढे जाते, आणि गावच्या अरुंद रस्त्यावर तेवढी रांग लागली की पुढच्या वर्षी त्या गावात पाऊल ठेवता येत नाही. म्हणून सभासदांना आडनावाच्या अक्षरानुसार येण्याची वेळ वाटून द्यावी आणि फाटकाच्या आत दहा गाड्या थांबतील अशी मोकळी पट्टी सोडावी. गाडी आधी आत घ्यायची, मग नाव बघायचे. फाटकावर उभी करून यादीत नाव शोधत बसणे ही सर्वांत महागडी चूक आहे.

खेड्यातला एक पोस्टकोड मोठा परिसर व्यापतो आणि नॅव्हिगेशन गाडीला भलत्याच गल्लीत नेते. त्यामुळे पोस्टकोडबरोबर नकाशाचा ग्रिड संदर्भ आणि फाटकाचे व्हॉटथ्रीवर्ड्स (अ‍ॅपवर नेमकी जागा दाखवणारा तीन शब्दांचा पत्ता) द्यावे, आणि मुख्य रस्त्यापासून पुढची वळणे शब्दांत लिहावी. सार्वजनिक रस्त्यावर पाट्या लावण्यासाठी हायवे ऑथॉरिटीची परवानगी लागते. शेतकऱ्याच्या हद्दीत त्याच्या संमतीने लावाव्यात.

गाडी जागेवर लावायला दोन माणसे पुरतात. मागे घेताना वाट दाखवणाऱ्याने चालकाच्या आरशात सतत दिसेल असे उभे राहावे, आणि तो दिसेनासा झाला की चालकाने थांबावे, हा नियम दोघांनाही आधी सांगावा. हातवारे करणारा एकच असावा. शेजारी-पाजारी मदतीला धावले की चालकाला कोणाचे ऐकावे ते कळत नाही. शेतात वेगाची मर्यादा ताशी ५ मैल, आणि अंधार पडल्यावर कोणतीही गाडी हलवायची नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी फाटकाजवळच्या कोरड्या जागेत दोन-तीन जागा राखून ठेवाव्यात. सकाळी त्यांना रांगेत न्यावे.

आग, गॅस आणि रात्रीची अडचण

प्रत्येक रांगेच्या टोकाला अग्निशामक, पाण्याच्या बादल्या आणि वाजवायला घंटा असावी. प्रत्येक गाडीने आपल्याजवळ एक पाण्याची बादली ठेवावी. गवतावर ठेवायच्या एकदाच वापरायच्या बार्बेक्यूंना बंदी घालावी. पायांवर उभ्या राहणाऱ्या शेगड्यांना हरकत नाही. निखारे विझत आलेली शेगडी ऊब मिळावी म्हणून ऑनिंगमध्ये किंवा गाडीत नेणे प्राणघातक ठरते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ही सूचना कागदावर देऊन भागत नाही. पहिल्या संध्याकाळी सगळे जमतील तेव्हा ती तोंडी सांगावी आणि गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासायला लावावा.

क्लबांत निवृत्त मंडळी बरीच असतात. जवळचे आपत्कालीन रुग्णालय आणि गावातले सर्वांत जवळचे डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र) कुठे आहे, हे मार्शलच्या मांडवावर लिहून लावावे, आणि ९९९ ला फोन केल्यावर पत्ता म्हणून काय सांगायचे तेही त्याच कागदावर असावे. फाटकाजवळ बाहेर तोंड करून एक साधी मोटार उभी ठेवावी. रात्री कोणाला न्यायचे झाले तर मोटरहोमची पायरी, गॅस, ऑनिंग आवरत बसावे लागू नये. जनरेटर रात्री दहा ते सकाळी आठ बंद.

जेवण आणि कार्यक्रम

सामुदायिक जेवणाला प्रत्येकाने आपली खुर्ची, ताट आणि चमचे घेऊन यायचे, ही इकडची रीत फार शहाणपणाची आहे. मराठी मंडळींनी मसालेभात करायचे मनावर घेतले तर एक पथ्य पाळावे: मोठ्या पातेल्यातला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहू देऊ नये, कारण शिजवल्यानंतरही टिकून राहणारे काही जिवाणू त्यात वाढतात. गरम वाढायचा तर तो ६३ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावा आणि उरलेला दुसऱ्या दिवशीसाठी झाकून ठेवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक पदार्थासमोर त्यात काय काय आहे याची चिठ्ठी ठेवावी; शेंगदाण्याचे कूट आणि तीळ आपल्याला सवयीचे असले तरी कोणाला ते जिवावर बेतू शकतात.

आपापली बाटली आणण्याला परवाना लागत नाही. मद्य विकायचे असेल तर मात्र २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टनुसार कौन्सिलकडे टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यावी लागते. तिची फी २१ पाउंड आहे, ती किमान १० कामाचे दिवस आधी पोहोचली पाहिजे, आणि एका वेळी ५०० पेक्षा कमी माणसे असावी लागतात. सोडतीची तिकिटे मेळाव्यातच विकली आणि त्यातून कोणाचा खासगी फायदा होत नसेल तर तिला वेगळा परवाना लागत नाही. संगीत रात्री साडेदहाला थांबवावे. कार्यक्रम दिवसाला एकच पुरे. दुपार मोकळी सोडावी, कारण एकमेकांच्या गाड्यांतली नवी कपाटे, सोलर पॅनेल आणि हीटर बघत फिरण्यासाठीच निम्मे लोक आलेले असतात.

निघताना

शेवटच्या सकाळी गाड्या रांगेच्या क्रमाने सोडाव्यात, आधी उताराकडच्या आणि मग वरच्या. रात्री पाऊस झाला असेल तर नाश्त्यापूर्वीच पायी फिरून वाट बघावी, मऊ जागा दोरीने बंद कराव्यात आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टर तयार ठेवायला सांगावे. सगळे गेल्यावर आठ-दहा स्वयंसेवकांनी हातभर अंतराने एका रांगेत उभे राहून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावे. तंबूची खुंटी, दोरीचा तुकडा, बाटलीचे धातूचे झाकण अशा वस्तू गवतात दिसत नाहीत, आणि तिथे परतणाऱ्या जनावराच्या पोटात किंवा कापणी यंत्राच्या पात्यात जातात. खुंट्या ठोकताना मोजल्या होत्या तेवढ्याच परत मिळाल्या पाहिजेत. त्यानंतर शेतकऱ्यासोबत एक फेरी मारून चाकोऱ्या पडल्या असतील त्या दाखवाव्यात, भरपाई तिथेच ठरवावी आणि भाड्याची उरलेली रक्कम त्याच दिवशी द्यावी. दोन आठवड्यांच्या आत सभासदांना खर्चाचा हिशेब पाठवावा, आणि नळाचा मोजलेला प्रवाह, रांगांचा नकाशा, मऊ जागा आणि टाकी किती भरली याची नोंद करून ती फाइल पुढच्या मार्शलच्या हाती सोपवावी.